चपला बाहेर, पण फडकं कुणाच्या हातात?

'घरात चपला घालाव्यात की दाराबाहेर काढाव्यात, हा काय स्त्रीमुक्तीचा प्रश्न झाला का?' आमच्याच मैत्रिणी हा सवाल करणार, हे धरूनच लिहायला बसलो आहोत. हुंडाबळी, बलात्कार, रेशन, रोजगार हमी सोडून वहाणांवर कसलं बोलायचं! पण ज्या समाजात बाईबद्दल 'पायातली वहाण पायातच बरी' असं चारचौघांत बोललं जातं, तिथं वहाण कुठं काढायची, कुणी काढायची आणि कुणी मुळी घालायचीच नाही, याचे नियम बाईला वगळून सरळपणे ठरले असतील असं मानणं भाबडेपणाचं आहे.

आधी एक मान्य करून टाकू. चपला बाहेर काढणं चांगलंच. रस्त्यावरची थुंकी, शेण, गटाराचं पाणी तळव्याला चिकटून घरात येतं. आणि आपण जमिनीवर जगणारी माणसं. दहा बाय दहाच्या खोलीत त्याच जमिनीवर पोर रांगतं, भाजी निवडली जाते, ताटं मांडली जातात, रात्री अंथरुणं पडतात. तिथं चपला आत आणू नका हे सांगायला सोवळ्याची गरज नाही. आमचा वाद त्याच्याशी नाही. वाद आहे तो या नियमाआड लपलेल्या कष्टांशी, आणि कुणी कुणापुढं अनवाणी उभं राहायचं या उतरंडीशी.

'आमच्याकडे चपला आत चालत नाहीत' असं घरातला पुरुष पाहुण्याला अभिमानानं सांगतो. फरशी कशी आरशासारखी लख्ख आहे बघा! ती लख्ख कुणी केली? नियम करणारा एक आणि गुडघे टेकणारी दुसरी. केंद्र सरकारनं २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि ते करणारे पुरुष ९७. मुळात एखाद्या दिवशी असं काही काम करणारे पुरुषच शंभरात २६, बायका मात्र ८१. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषानं आपलीही नऊ वाचवून घेतली!

यात फरशीचा वाटा किती हे पाहणी सांगत नाही, पण फरशी बदलत गेली तसा बाईचा दिवस कसा बदलला हे कुठलीही साठीची बाई सांगेल. शेणानं सारवलेली जमीन आठवड्याला किंवा सणावाराला सारवायची. ते कष्टाचं काम, पण रोजचं नव्हे. शहाबादी फरशीवर धूळ फारशी दिसत नसे. मग मोझेक आली, आणि आता पांढऱ्या चकचकीत टाइल्स. त्यांच्यावर पाण्याचा एक थेंब वाळला तरी डाग, पावलाचा ठसा उमटला तरी डाग. त्या दोनदा पुसल्या नाहीत तर बाई आळशी ठरते. टाइल्स निवडायला दुकानात कोण गेलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात हेच दाखवलं: घरात यंत्रं आणि सोयी आल्या, पण स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढत गेल्या, आणि आईचं काम काही घटलं नाही.

आपल्याला त्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही म्हणा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड आहे. बाजारातून आलेल्या जिनसा धुतल्याशिवाय घरात घ्यायच्या नाहीत असा खाक्या. वाचताना हसू येतं. पण वेड एकट्या नानांचं आणि भोगणारं सगळं घर, हे ध्यानात घेतलं की हसू मावळतं.

कुणी म्हणेल, सोवळं वेगळं आणि स्वच्छता वेगळी. खरं आहे. मग एक सोपी परीक्षा घेऊ. दुकानातून नवी कोरी रबरी स्लिपर आणा. ती रस्त्यावर कधीच जाणार नाही, रोज धुतली जाईल. आता ती घालून स्वयंपाकघरात उभ्या राहा. टाच दुखते म्हणून डॉक्टरनं सांगितलं आहे, हेही सांगा. किती घरांत चालेल? 'देवघर आहे', 'अन्नपूर्णेची जागा आहे', 'सून चपला घालून मामंजींसमोर फिरते' अशी कुजबुज सुरू होईल. म्हणजे अडचण घाणीची नाहीच. चप्पल विटाळाची, कारण चामडं विटाळाचं, कारण चामड्याला हात लावणारी जात विटाळाची. चामड्याची जागा रबरानं घेतली तरी विटाळ जागचा हलला नाही.

वहाण काढायला लावणं ही हुकमत गाजवायची जुनी रीत आहे. सासऱ्यासमोर सुनेनं चप्पल घालायची नाही, चावडीवरून जाताना ती हातात घ्यायची, ही रीत गावोगावच्या आयाबायांनी पाळली आहे. दलितांना तर सवर्णांच्या आळीतून वहाणा घालून जायची बंदी. हे पेशवाईतलं नव्हे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूर जिल्ह्यातल्या राजावूर गावी अशा एका रस्त्यावरून सुमारे साठ दलित स्त्रीपुरुष पायांत चपला घालून पहिल्यांदा चालले, ते २०२३ च्या डिसेंबरात! चालणं हाच मोर्चा होता.

आता आपल्या सुशिक्षित दारात येऊ. बेल वाजते. नवऱ्याचे साहेब आले आहेत. ते बुटाच्या नाडीकडं वाकतात तोच आतून आवाज येतो, 'राहू द्या हो, राहू द्या, आपलंच घर आहे.' साहेब बुटांसकट सोफ्यावर. तासाभरानं नळ दुरुस्त करणारा येतो. त्याला मात्र उंबऱ्यातच, 'ओ, चपला बाहेर!' तो अनवाणी मोरीत उतरतो. साहेबांच्या बुटांना घाण लागत नाही असा काही शोध लागला आहे का? नियम स्वच्छतेचा असता तर तो पाय बघून ठरला नसता.

पण सगळ्यांत जास्त वेळ अनवाणी असते ती घरकाम करणारी बाई. पाच घरची धुणीभांडी, पाच घरच्या फरश्या, दोन-तीन संडास-बाथरूम. मालकिणीच्या पायात घरातली वेगळी स्लिपर, बाथरूमची आणखी वेगळी. हिची चप्पल जिन्यात, तीही शेजाऱ्यांना दिसणार नाही अशी कोपऱ्यात. ही साबणाच्या, सोड्याच्या, फिनेलच्या, ॲसिडच्या पाण्यात उघड्या पायांनी उभी. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. रात्री कोकमतेल लावायचं, सकाळी पुन्हा पाण्यात. ओल्या फरशीवर घसरून हात मोडला तर त्या महिन्याचा पगार कापायचा की नाही, यावर मालकीण उदारपणे विचार करणार. २०२० साली कोरोनात कित्येक सोसायट्यांनी या बायकांना फाटकातच अडवलं, आणि पुढं आत घेतलं ते पाय धुवायला लावून. कोरोना विमानानं आला होता हो, त्यांच्या चपलांना चिकटून नव्हे.

कारखान्यात ओल्यात उभं राहणाऱ्या कामगाराची युनियन गमबूट मागते. इथं काय? घर हे घरकामगार बाईचं कामाचं ठिकाण आहे, हे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं मान्य केलं. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण तो कल्याणाचा. कामाच्या वेळी पायात काय असावं याचा त्यात विचार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली, तेव्हा पगारवाढीच्या आणि रजेच्या मागण्या झाल्या. त्या पहिल्या हव्याच होत्या. चपलेची मागणी आता करू.

'पण आमची बाईच म्हणते, मला नको चप्पल, सवय नाही.' हे उत्तर आम्हाला पाठ आहे. कपाची वेगळी जागा, जमिनीवर बसणं, सगळ्याला ती 'सवय आहे' म्हणते. नोकरी टिकवायची असलेली बाई दुसरं काय म्हणणार? तिला पर्याय म्हणून विचारू नका. तिच्या मापाची न घसरणारी जोडी आणून तिच्यापुढं ठेवा, आणि सासूबाई काही बोलल्या तर त्यांना उत्तर तुम्ही द्या.

आणखी एक गोष्ट राहून जाऊ नये. सल्ला केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्तींना हे वेगळं सांगायला नको. नवऱ्यानं रात्री हाकललेली बाई येते ती पुष्कळदा अनवाणी. चपला दाराबाहेर ठेवायची रीत असली तरी ज्या घाईनं तिला ढकललं जातं, त्यात पायात सरकवायला क्षण मिळत नाही. मग अर्ज लिहिण्याआधी आपली धावपळ होते ती कुणाच्या तरी जुन्या चपलेसाठी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, पण रात्री दोन वाजता खडीच्या रस्त्यावर कायदा पायात घालता येत नाही. प्रत्येक केंद्रात चार-सहा मापांच्या जोड्या ठेवलेल्या असाव्यात. खर्च फार नाही.

तेव्हा चपला बाहेरच काढा. पण साहेबांनीही काढाव्यात आणि मामंजींनीही. ज्यानं नियम सांगितला त्यानं निदान रविवारी फडकं हातात घ्यावं, वाकता येत नसेल तर लांब दांड्याचं. तो दांडा कामाच्या बाईलाही द्यावा, तिलाही गुडघे आहेत. आणि संघटनेच्या बैठकीनंतर दाराबाहेरचा चपलांचा ढीग हलला की कार्यालयाची सतरंजी कोण झटकतं, केर कोण काढतं, त्याची पाळी लावून यादी भिंतीवर चिकटवा. शहरातल्या कार्यकर्त्यांची नावं वर आणि वस्तीतल्या बायकांची खाली, असं होऊ देऊ नका.