न दिसणाऱ्या आजाराचे प्रमाणपत्र

जुलै २०२४ मध्ये अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हा रुग्णालय देशभरातील वृत्तपत्रांत गाजले. गाजण्याचे कारण मात्र भूषणावह नव्हते. प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांनी सादर केलेल्या प्रमाणपत्रांत दृष्टिदोषाबरोबर मानसिक आजाराचाही उल्लेख होता आणि ती प्रमाणपत्रे नगरची होती. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलैला त्यांची उमेदवारी रद्द केली, सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने त्यांना सेवामुक्त केले. त्यांनी आरोप नाकारले आहेत. न्यायालय काय तो निर्णय देईल, त्यावर येथे भाष्य करण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळाच आहे. त्या गदारोळाची किंमत कोण मोजत आहे? दृष्टिहीनाच्या हाती पांढरी काठी असते, पायाने अधू माणसाची कुबडी दिसते. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या तरुणाकडे जगाला दाखवण्यासारखे काहीच नसते. चांगला धडधाकट दिसतो, मग सवलत कशाला, हा प्रश्न त्याच्या वाट्याला पूर्वीही येत होता. आता त्यात संशयाची भर पडली आहे. खोट्या प्रमाणपत्रांचा शोध कठोरपणे घेतलाच पाहिजे. परंतु चोर पकडण्यासाठी उभारलेल्या चौकीत खरा वाटसरूच अडकून पडू लागला, तर त्याला न्याय म्हणत नाहीत.

कायदा या रुग्णाच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९९५च्या कायद्यातच मानसिक आजार अपंगत्वाच्या यादीत होता. २०१६च्या कायद्याने ही यादी सातवरून एकवीस प्रकारांपर्यंत वाढवली आणि त्यातही तो कायम आहे. चाळीस टक्क्यांपासून पुढे बहुतेक लाभ मिळतात. पण मनाचे टक्के मोजायचे कसे? भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी तयार केली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना शून्य ते चार गुण द्यायचे, आजार किती वर्षांचा आहे याचे गुण त्यात मिळवायचे. वीसपैकी सात गुण झाले की चाळीस टक्क्यांची पायरी गाठली जाते.

येथे डॉक्टर बव्हंशी घरच्यांच्या सांगण्यावर अवलंबून असतात. आणि नेमके येथेच आपले मध्यमवर्गीय घर कच खाते. “आंघोळ स्वतः करतो का?” “हो, करतो की!” आई उत्तर देते. तीन दिवस मागे लागावे लागते, बादली भरून द्यावी लागते, हे ती सांगत नाही. “काम?” “दुकानात बसतो.” गल्ल्यावर बसवले तर गिऱ्हाईकाला ओरडतो, हे वडील गिळून टाकतात. चारचौघांत मुलाची लाज झाकण्याची वर्षानुवर्षांची सवय त्या टेबलाशीही सुटत नाही. गुण पाचवर थांबतात आणि मग सरकारने नाकारले म्हणून तक्रार होते.

ही लाज आली कोठून? याच जिल्ह्यातील नेवाशात, शके १२१२ मध्ये, माउलींनी गीता मराठीत आणली. त्या गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. हातून धनुष्य गळालेल्या, अंग थरथरणाऱ्या वीराला श्रीकृष्णांनी रथातून उतरवून दिले नाही. अर्जुनाचा विषाद हा आजार होता असे सुचवायचे नाही. पण विषादाला ग्रंथाच्या प्रारंभी स्थान देणाऱ्या परंपरेत मनाचा आजार दाराआड कोंडून ठेवण्याची रीत बसत नाही. शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी उभारलेल्या माउली सेवा प्रतिष्ठानमध्ये रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा मिळतो. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरवणाऱ्या आपण सर्वांनी एकदा तेथे जाऊन यावे. त्या स्त्रियांनाही कधीतरी घर होतेच.

लाभ किरकोळ आहेत, असे समजून सुशिक्षित घरे अर्जच करीत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अनुदान दरमहा दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. तेथे उत्पन्नाची मर्यादा आहे, हे खरे. पण निवृत्त शिक्षक वा लिपिकाच्या घरी खरा घोर असतो तो, आमच्यामागे याचे कसे होणार, याचा. मानसिक विकारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपत्याला वयाची अट न लावता कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद शासकीय सेवेच्या नियमांत आहे. त्यासाठी आईवडील हयात असतानाच कागद तयार असणे किती सोयीचे! मागे राहिलेला भाऊ किंवा वहिनी ते सारे नव्याने सिद्ध करीत बसेल, अशी अपेक्षा कोणी करावी?

अडचण अंतराचीही आहे. क्षेत्रफळाने राज्यातील हा सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याहून नगर शंभराहून अधिक किलोमीटर. संगणकावर अर्ज भरता येतो, तपासणीला मात्र माणूसच न्यावा लागतो. आणि गर्दीला घाबरणाऱ्या रुग्णाला एस.टी.त बसवून नेणे म्हणजे काय, हे नेणाऱ्यालाच ठाऊक. प्रमाणपत्र अनेकदा मुदतीचे असते, म्हणजे काही वर्षांनी हीच यात्रा पुन्हा. तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांसह तपासणी शिबिरे व्हावीत, ही मागणी सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे.

तोवर वस्तीवरच्या कार्यकर्त्याने काय करावे? ‘सक्षम’सारख्या संघटना दिव्यांगांमध्ये काम करीत आहेतच, पण या कामाला संघटनेची वाट पाहण्याची गरज नाही. ओळखीच्या अशा घरी जावे, आईजवळ एक वही द्यावी आणि महिनाभर रोजचे दोन शब्द लिहायला सांगावे: आज जेवायला उठला नाही, गोळी थुंकली, रात्री दोनला दार उघडून चौकापर्यंत गेला. तिला लिहिता येत नसेल तर आपण लिहावे. तपासणीच्या दिवशी रजा काढून त्या घरच्यांबरोबर नगरला जावे, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून द्याव्यात आणि डॉक्टरांनी विचारले की आईच्या आधी ती वही पुढे करावी.