गाभ्रीचा पाऊस : कौतुक आणि चित्रपट

सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ साली रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखविला गेला आणि त्याचे पुष्कळ कौतुक झाले. ते सार्थ आहे काय? बहुतांशी होय, मात्र ‘शेतकरी आत्महत्येचा चित्रपट’ ही ओळख त्याला अपुरी पडते. शेजाऱ्याने जीव दिल्यापासून अलका धास्तावली आहे. किसना गप्प बसला तरी तिच्या पोटात गोळा येतो. लहानग्या मुलाला ती त्याच्या पाळतीवर धाडते. प्रेक्षक आधी हसतो, मग हसल्याचीच त्याला लाज वाटते. उत्तरार्ध किंचित रेंगाळतो, हे खरे. परंतु अमरावती-अकोल्याच्या ज्या पेढ्यांच्या खतावणीत किसनासारखी नावे उधारीखाली असतात, त्यांनी तो सहकुटुंब पाहावा. पाऊस लांबला की त्या नावामागच्या घरात रात्र कशी जाते, ते तेथे दिसते.