पट्टीवर धर्माचा रकाना नसतो

2020 च्या पावसाळ्यात आमच्या श्रीपुरात अँटिजेन टेस्ट करणारं पथक आलं, तेव्हा गल्लीतली दारं पटापट लागली. शेजारच्या चाचांना चार दिवसांपासून ताप होता. मी टेस्टला चला म्हटलं, तर म्हणाले, “बुखार से नहीं डरता मैं. कल पूरा गाव बोलेगा, इनोंच लाए.”

“मुसलमान टेस्टला घाबरतात, अडाणी आहेत,” असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. चाचा अडाणी नव्हते. त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये टीव्ही पाहिला होता. दिल्लीच्या मरकजनंतर एका आजाराला धर्म चिकटवला गेला, ‘कोरोना जिहाद’ हा शब्द घराघरांत पोचला. मरकजमध्ये निष्काळजीपणा झाला नाही, असं मी म्हणत नाही. पण त्याची शिक्षा ऊस तोडणाऱ्या आणि भाजी विकणाऱ्यांना का? 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तब्लीगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. आरोप ज्या आवाजात झाले, त्या आवाजात हा निकाल तुम्हाला कुणी ऐकवला?

2021 च्या हरिद्वार कुंभात अँटिजेन टेस्टचे हजारो अहवाल बनावट असल्याचा आरोप झाला. चौकशी लॅबची आणि एजन्सीची झाली. तेच योग्य होतं, भाविकांना दोष देणं चूकच ठरलं असतं. मग हाच न्याय आम्हाला का नाही?

आता आपल्या लोकांना दोन शब्द. “अल्लाहची मर्जी” म्हणून ताप लपवणं हा तवक्कुल नाही. शाममध्ये प्लेग आहे कळल्यावर हजरत उमर (रजि.) वाटेतूनच माघारी फिरले. त्यांचं ईमान आपल्यापेक्षा कमी होतं का? आपली बदनामी झाली हे खरं. पण लपवलेला ताप ती बदनामी धूत नाही. तो आधी आपल्याच घरातल्या म्हातारीला गाठतो.

चाचांना शेवटी मीच गाडीवर बसवून नेलं. नाकात काडी फिरवली, थेंब पट्टीवर टाकले. एकच रेघ, निगेटिव्ह. चाचा हसले, निघाले. तिथल्या सिस्टरने अडवलं. ही टेस्ट विषाणूचं प्रथिन शोधते, ते कमी असेल तर चुकते. लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करावीच लागायची, हा तेव्हा आयसीएमआरचाच नियम होता. दुसरा अहवाल पॉझिटिव्ह आला. वेळेत ऑक्सिजन मिळाला, चाचा घरी परतले.

त्या पट्टीवर दोनच खुणा असतात, सी आणि टी. जातीचा, धर्माचा रकाना तिथे नाही. तो रकाना आपण माणसांनी बाहेरून जोडला. पुढची साथ कधीतरी येईलच. तेव्हा टीव्हीवाल्यांनी तो रकाना पुन्हा जोडू नये, आणि आपण दार लावून बसू नये. या दोन्ही गोष्टींनी माणसं मरतात.