पहिला पेला घरच्या मुलांचा

पहाटे म्हशीची धार काढायची, सारे दूध डेअरीवर घालायचे आणि मुलांच्या हाती चहा-बिस्किट द्यायचे, हे आपल्या घराघरांतून सर्रास चालते. दुधाच्या पैशांवर पेंड येते, मुलांची वह्या-पुस्तके येतात, हे मलाही ठाऊक आहे. तरीही माझे म्हणणे असे की, पहिला पेला घरच्या मुलांचा असावा.

200 मि.लि. म्हशीच्या दुधात सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या हाडांना ते हवे. चहाने नुसती भूक मरते. शिवाय तो जेवणाबरोबर घेतला, तर भाजी-भाकरीतले लोह अंगी लागत नाही. दूध मात्र उकळूनच द्यावे. धारोष्ण दुधाची थोरवी सांगणारे वडीलधारे आहेत, पण त्यातून क्षयाचे जंतूही पोटात जाऊ शकतात.

दुभते नसेल त्या घरी नाचणीची आंबील करावी. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तिला गरिबाचे अन्न म्हणून आपणच हिणवले आणि बिस्किटांचे पुडे विकत आणू लागलो!

दोन मुलांचे दोन पेले, म्हणजे 400 मि.लि. दूध डेअरीला कमी जाईल. त्यातले काही पैसे तर बिस्किटांतूनच वाचतील.