मोजे टांगले कुणी?

गेल्या डिसेंबरात कुरखेडा तालुक्यातल्या एका अंगणवाडीत शहरातून देणगी म्हणून आलेलं पुस्तकांचं खोकं उघडलं. त्यात नाताळच्या एका जुन्या इंग्रजी कवितेचं विनोदी चित्रपुस्तक निघालं. पोरं चित्रांवर तुटून पडली. लाल कपड्यांतला ढेरपोट्या म्हातारा धुराड्यातून घरात उतरतो, काजळीने माखतो. आमच्याकडे धुराडं कुठलं? 'कवेलू काढून येते का मंग?' एकाने विचारलं. सगळे हसले, मीही हसले.

मुलांना न्यायला आलेल्या बायाही चित्रं पाहू लागल्या. एकीने पानावर बोट ठेवलं, 'ताई, पाहुना घरी आला ना हे बाई काहून झोपली?'

घरी येऊन मी कविता पुन्हा वाचली. २३ डिसेंबर १८२३ रोजी अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात ती निनावी छापली गेली. पुढे क्लेमेंट मूर यांनी ती आपली म्हणून स्वतःच्या संग्रहात घेतली. सांगणारा आहे बाप. आवाज ऐकून तोच उठतो, खिडकी उघडतो, आठ हरणांची गाडी बघतो. आई सुरुवातीला एकदाच येते, डोक्याला रुमाल बांधून निजलेली. मग नाहीशीच होते. भेटींसाठी मोजे नीट टांगलेले आहेत, पण टांगले कुणी? मुलं पांघरुणात गुडुप आहेत, निजवली कुणी? कवी सांगत नाही.

कुणी म्हणेल, विनोदी पुस्तकातही तुम्ही हेच शोधता! मुलांना हसू द्या की. जरूर हसू द्या. पण अक्षरं यायच्या आधी मूल चित्र वाचतं. खिडकीशी कोण धावतं आणि चुलीशी कोण बसतं, हे ते तिथेच शिकतं. आपल्या पुस्तकांतही आई चुलीपाशी आणि बाबा वर्तमानपत्र घेऊन, हे चित्र वर्षानुवर्षं चाललं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबाबांना मिळून भाजी निवडताना दाखवलं, तर त्याची बातमी झाली!

दुसरी गोष्ट भाषेची. गोंडी, माडिया बोलणाऱ्या आमच्या पोरांच्या वाट्याला शहरातल्या घरांत नको झालेली पुस्तकं का यावीत? २०१८ मध्ये सीजीनेट स्वर आणि प्रथम बुक्स यांनी मुलांच्या गोष्टी गोंडीत आणल्या. म्हणजे मनात आणलं तर होतं.

त्या दिवशी बाया मोहाच्या दिवसांबद्दल बोलत बसल्या. अंधारात उठायचं, टोपली घेऊन झाडाखाली जायचं, परत येऊन चूल पेटवायची. 'आमचं पुस्तक काढाल तं माय जागी अन् बाप झोपला, असंच काढा लागन,' एक म्हणाली. खूप हसलो.

पण मैत्रिणींनो, नुसती उलटापालट मला नको आहे. आई झोपलेली जरूर दाखवा. तिच्या झोपेवर तिचा हक्क आहे. फक्त झोपेआधीचं तिचं काम पुसू नका, आणि ती झोपली असताना चूल बापाने पेटवलेली दाखवा.

पुढच्या शिबिरात कागद आणि रंग घेऊन बसू या. आठ पानं पुरेत. गोष्ट बाया सांगतील, चित्रं पोरी काढतील. आणि खोकी पाठवणाऱ्यांना एक पत्र लिहू या: पाठवण्याआधी आम्हाला विचारा.