जुनी नोंदवही मिटण्यापूर्वी

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका आणि पूर्वतयारी अगदीच तोकडी! कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदच्युत केले गेले. ज्यांचे पुढील प्रवेश हुकले, त्यांच्या पदरी त्याने काय पडले?

दोष यंत्राचा नव्हता. नवी व्यवस्था पारखण्याआधीच जुनी मोडून सारा भार तिच्यावर टाकला गेला. आता राज्यातील विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या गुणांच्या व श्रेयांकांच्या नोंदीच नव्या संगणक-प्रणालींवर नेत आहेत. इथली चूक एका निकालापुरती उरत नाही. नावातील एक चुकलेले अक्षर पदवी प्रमाणपत्रापासून पारपत्रापर्यंत छळते. म्हणून आरंभ एखाद्या लहान विद्याशाखेपासून व्हावा. किमान एक पूर्ण सत्र दोन्ही व्यवस्था समांतर चालाव्यात, स्थलांतरित नोंदी मूळ नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. (ती नोंदवही ज्यांना तोंडपाठ असते, त्या परीक्षा विभागातील ज्येष्ठ लिपिकांना अशा बैठकांना सहसा कोणी बोलावीत नाही!) आणि त्रुटी आढळताच काम थांबविण्याचा लेखी अधिकार परीक्षा नियंत्रकांना हवा, पुरवठादाराच्या देयकाची तारीख त्याआड येता कामा नये.