मुरबाडच्या रानाची हाक

मुंबईची तहान शहापूरने भागवली. १८९२ साली तानसा अडली, पुढे भातसाही. आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात अजूनही टँकरचीच वाट पाहिली जाते! आता पाळी मुरबाडच्या काळू नदीची. वनजमिनीची परवानगी हाती नसताना २०११ साली धरणाचे काम सुरू झाले. २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवले. योजना मात्र मेलेली नाही. बुडणार आहे ते ठाकूर-कातकऱ्यांचे रान, त्यांची भातखाचरे. विकास म्हणे! नव्वदच्या दशकात हरित वसईसाठी आपण रस्त्यावर उतरलो. मग मुरबाडच्या ग्रामसभा ‘नको’ म्हणत असता आपण मुके का? शहरांनी आधी आपले गळके नळ बुजवावेत. प्रत्येक धर्मग्रामातून सह्यांचे निवेदन मंत्रालयात गेलेच पाहिजे, अशी आमची मागणी आहे. पहिली सही आमची.